व्हिन्सेंटचा बँड

१० जानेवारी १९८२, रविवार

घरी येऊन तीन आठवडे होत आले, पण थकवा अजून उतरलेला नाही. बाहरीनच्या मनामाहून निघताना वाटलं होतं, आठ दिवस नीट झोपले की माणसात येईन. नाताळ झाला, नवं वर्ष झालं, पाहुणे येऊन गेले, आणि मी अजून दुपारी ओटीवर बसल्या बसल्या पेंगते. कानात हॉटेलच्या एअर कंडिशनरची घरघर आहेच. विहिरीवरचा पंप बंद पडला की इतकी शांतता होते की दचकायला होतं.

आज मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात जो भेटेल तो एकच विचारत होता, परत कधी? हॉटेलात नवा मॅनेजर आला आहे. डिसेंबरात करार संपला तो त्याने वाढवला नाही. म्हणाला, नवी कॅसेट पाठवा, नवा फोटो पाठवा, ईस्टरनंतरचं मग बघू. फिलिपिन्सचे बँड रांगेत उभे आहेत. त्यांच्या पोरी गातात आणि नाचतातही. आम्ही चौघं आपले जागच्या जागी वाजवणारे. व्हिन्सेंट ट्रंपेट, बॅप्टिस्ट सॅक्सोफोन, जॉन ड्रम, मी ऑर्गन आणि अधूनमधून गाणं. गिटारवाला गेल्या वर्षी जहाजावर गेला, त्याची जागा आम्ही भरलीच नाही.

एजंटाकडून आम्ही कधी गेलो नाही. अकरा वर्षं झाली, आधी बैरुत, मग बाहरीन, प्रत्येक करार आपला आपण केलेला. व्हिन्सेंटचा बँड म्हणून लोक ओळखतात. तो पुढे उभा राहतो, पाहुण्यांशी दोन शब्द बोलतो, गाणं सुरू करून देतो. मी फक्त बाकीचं बघते. गाणी निवडायची, प्रत्येकाचे सूर कागदावर उतरवायचे, मॅनेजरशी बोलायचं, शर्ट शिवून घ्यायचे, बॅप्टिस्ट आणि जॉन भांडले की दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला बोलवायचं. व्हिन्सेंटला त्यातलं काही जमत नाही आणि त्याने ते का करावं? कलाकार माणूस आहे.

१५ जानेवारी

व्हिन्सेंटने ट्रंपेट अजून पेटीतून काढलेला नाही. सकाळी उठतो, चहा घेतो आणि उर्सुलाबायबरोबर वाडीत शिरतो. उर्सुलाबाय त्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सासूसासरे गेल्यापासून हे घर आणि केळीची वाडी तिनेच राखली, आम्ही वर्षातून एकदा पाहुण्यासारखे येतो. आज दोघं पिकलेली राजेळी केळी सोलून सुकेळ्यांसाठी मांडवावर उन्हात टाकत होती. मी म्हटलं, प्रॅक्टिस नको का, ओठांची सवय मोडते. तो म्हणाला, उद्या.

त्याचे वरचे पुढचे दोन दात हलतात. हिरड्या सुजतात. तिकडे हॉटेलच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. वसईला दाताच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर तेही उद्या.

२३ जानेवारी, शनिवार

शेजारच्या मार्गारेटचं लग्न. विहिरीवरून पाणी आणायला बायका निघाल्या, पुढे गावचा बँड. आपल्याकडे पद्धत आहे, बाहेरगावी वाजवणारा कुणी आला असेल तर बँडवाले त्याला एक चाल वाजवायला लावतात. व्हिन्सेंटला सगळ्यांनी पुढे केलं. तो हसला, पोटावर हात ठेवला, म्हणाला सकाळपासून पोट बिघडलंय. मग बॅप्टिस्टने कुणाचा तरी सॅक्सोफोन घेतला आणि वाजवलं, आणि छान वाजवलं. घरी येऊन व्हिन्सेंटने डुकराच्या मटणाचं इंद्याल आणि भाकरी दोनदा वाढून घेतली. मी म्हटलं, पोट बिघडलं होतं ना? म्हणाला, बरं वाटलं नंतर.

भांडी घासताना उर्सुलाबाय माझ्याशी बोलली. घरात ती जी बोली बोलते ती मला इथे लिहिता येत नाही, शाळेत शिकलेलं मराठीच हाताला येतं. ती म्हणाली, "मटिल्डा, तो दमलाय. तुला दिसत नाही का?"

दमलो आहोत तर दोघंही. पण उर्सुलाबायला भाऊ घरात हवा आहे, तिचं बोलणं त्या बाजूने येतं.

३० जानेवारी

शेवटी मीच हाताला धरून वसईला नेलं. डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ बघितलं. पुढचे दोन दात काढावेच लागतील, बाजूचे दोन राहिले तर नशीब. नंतर कवळी किंवा बाजूच्या दातांना धरून पूल बसवता येईल, पण ट्रंपेट वाजवणाऱ्याला त्याची सवय व्हायला महिने लागतात. काहींना होतच नाही. मला बाहेर बसायला सांगून ते व्हिन्सेंटशी पुन्हा बराच वेळ बोलले.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षांचा संसार नाही आमचा, पण या माणसाला मी ट्रंपेटशिवाय ओळखत नाही. चर्चच्या सणाला तो वाजवत होता आणि मी बाजाच्या पेटीवर होते, तिथेच तर सगळं सुरू झालं. आणि हा बाहेर आला तर चेहरा मोकळा. बसस्टँडवर थांबून माळणीकडून मोगऱ्याची रोपं घेतली, कशी लावायची ते तिला विचारत बसला. बसमध्ये रोपं मांडीवर घेऊन खिडकीतून बघत होता. दात जाणार म्हणून सांगितलेला माणूस इतका निवांत कसा असतो, मला कळत नाही. धक्का असेल.

मी ठरवलं आहे. दात काढायच्या आधी कॅसेट भरून घ्यायची. कॅसेटवर त्याचा ट्रंपेट गेला की करार होईल. पुढचं पुढे.

६ फेब्रुवारी

ओटीवर प्रॅक्टिस. बॅप्टिस्ट सायकलवर सॅक्सोफोन बांधून आला, तो इथलाच, दोन वाड्या पलीकडे राहतो. जॉन अर्नाळ्याहून बसने आला, एक छोटा ड्रम आणि झांजा घेऊन. बॅप्टिस्ट पन्नाशीचा, व्हिन्सेंटबरोबर शाळेत होता. जॉन तिशीतला कोळी, हात सोन्याचा, तोंड आगीचं.

दुसऱ्याच गाण्याला व्हिन्सेंट म्हणाला, उंच जातंय, खाली घे. मी खाली घेतलं. पुढचंही खाली. कॅसेटची सहाही गाणी उतरवली. ऑर्गनवर मला काय, कुठूनही वाजवता येतं, पण माझा आवाज तिथे तळाला जातो, गाताना दळण दळल्यासारखं वाटतं. आता सगळे कागद नव्याने लिहायला हवेत.

बॅप्टिस्टचं एक मला पटलं नाही. व्हिन्सेंट सूर ओढत असला की हा मध्येच शिरतो, शेवटच्या दोन मात्रा स्वतःच पुऱ्या करून टाकतो. मनामातही शेवटी शेवटी हेच करायचा. पुढे यायची हौस सगळ्यांनाच असते, पण इतक्या वर्षांच्या मित्राशी असं? मी बोलणार आहे.

११ फेब्रुवारी

बोलले. बॅप्टिस्ट त्याच्या अंगणात पानवेलीला पाणी घालत होता. मी म्हटलं, दादा, व्हिन्सेंटची जागा त्याला द्या. त्याने झारी खाली ठेवली. रागावेल असं वाटलं होतं, रागावला नाही. त्याची बायको रिटा दारात येऊन उभी राहिली होती, तिने त्याच्याकडे बघितलं आणि आत गेली.

"बरं," तो म्हणाला. "यापुढे नाही शिरणार. बघ मग."

आणि मला पपई दिली घरी न्यायला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

वसईजवळ गोखिवऱ्याला गेलो होतो. तिथे विद्याधर म्हणून आमच्या आगाशीचेच एकजण लाउडस्पीकरच्या लाकडी पेट्या बनवतात. शुक्रवारी कारखाना बंद असतो. त्यांच्याकडे चांगला टेपरेकॉर्डर आहे, दोन माइक आहेत. संगीताचे शौकीन, स्वतः तबला वाजवतात. पेट्यांच्या राशींमध्ये आम्हाला जागा करून दिली. लाकडाच्या भुशाचा वास, आवाज अगदी कोरडा. जे वाजेल ते तसंच्या तसं कॅसेटवर.

पहिली दोन गाणी निभली. तिसरं संथ चालीचं, त्यात व्हिन्सेंटचा एकट्याचा भाग. बॅप्टिस्ट शब्दाला जागला, गप्प राहिला. आणि तिथे ट्रंपेटचा सूर फाटला. एकदा नाही, लागोपाठ चारदा. सूर लागायचा आणि धरून ठेवता यायचा नाही, वारा निसटायचा. मी वाजवत राहिले. मला वाटलं, माझे हात थांबले नाहीत तर तोही थांबणार नाही.

तो थांबला. ट्रंपेटचं तोंड काढून रुमालाने पुसलं, रुमालाला रक्त होतं. विद्याधर पाणी आणायला गेले. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबू, पुन्हा करू.

व्हिन्सेंट म्हणाला, "आज एवढंच."

ट्रंपेट पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि बाहेर जाऊन विद्याधरांशी त्यांच्या कुंपणाजवळच्या पेरूबद्दल बोलू लागला. त्याला कीड लागली होती. मला आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, कडुनिंबाचा पाला उकळून फवारा म्हणून सांगत होता.

आम्ही तिघं आत बसून होतो. जॉनने झांजांवर हात ठेवून त्यांचा नाद बंद केला. मी बॅप्टिस्टकडे बघितलंच नाही. मनामात तो शेवटच्या दोन मात्रा स्वतः का पुऱ्या करायचा ते आता कळलं. माझे कान कुठे होते इतके महिने?

२४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सोमवारी दात काढले. दोन ठरले होते, चार काढावे लागले. व्हिन्सेंट तोंडाला फडकं धरून बसला आहे, उर्सुलाबाय त्याला पेज भरवते. चर्चमधून कपाळाला राख लावून आलो, आजपासून उपवासकाळ. आता ईस्टरपर्यंत लग्नं नाहीत, वाजंत्री नाही. उर्सुलाबायने आत्ताच बजावून ठेवलं आहे की उपवासकाळात या ओटीवर नाचाची गाणी चालायची नाहीत. तिचं चूक नाही. लोक काय म्हणतील. पण कॅसेट मार्चच्या मध्यापर्यंत गेली नाही तर संपलं.

ट्रंपेटवाला शोधायला हवा. व्हिन्सेंटचा पूल बसेपर्यंत, तात्पुरता. वांद्र्याच्या एकाला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, बँडला त्याचं नाव द्यायचं असेल तर येतो. गिरगावातला दुसरा म्हणाला, बाईच्या हाताखाली वाजवणार नाही. मी त्याला कुठे म्हटलं होतं माझ्या हाताखाली? बँड व्हिन्सेंटचा आहे असं निरोपात स्पष्ट लिहिलं होतं.

खूप दमायला होतं. कधी वाटतं, फिलिपिन्सच्या पोरींना मिळो ते काम. मी इथे केळी सोलेन.

४ मार्च

अर्नाळ्याला गेले, जॉनला सांगायला की ट्रंपेटवाला मिळत नाही, तेव्हा तू दुसरीकडे बघायचं तर बघ, मी मनात धरणार नाही. त्याची आई मटिल्डा, माझ्याच नावाची, किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. तिने मला बसायला फळी दिली. समोर किल्ल्याच्या बाजूने होड्या येत होत्या. जॉन होडीवरून उतरून आला, मासळीच्या पाट्या खाली ठेवून ऐकत उभा राहिला.

"बाय, ट्रंपेट कशाला पायजे?" तो म्हणाला. "व्हिन्सेंटदादा खूण करतात, पन खूण करायच्या आदी ते कोनाकडं बगतात, तुमाला म्हायती हाय का? तुमच्याकडं. तुमची मान हलली की दादांचा हात हलतो. मी पैल्या दिवसापासून तुमची मान बगूनच वाजवतो."

त्याची आई हसली. मलाही हसू आलं. जॉन एरवी कुणाला गोड बोलणारा नाही, पण त्याला घर बांधायचं आहे, नोकरी टिकायला हवी, तेव्हा बोलला असेल. ताजे बोंबील दिले. उपवासकाळात मासळी चालते म्हणून उर्सुलाबायही खूश.

१२ मार्च, शुक्रवार

पुन्हा गोखिवरे. फक्त तिघं. व्हिन्सेंटला मी सांगितलं, नुसती आवाजाची चाचणी आहे, तू विश्रांती घे. त्याने दोनदा विचारलं नाही.

मी गाणी पुन्हा वर चढवली, जिथे माझा गळा बसतो तिथे. ट्रंपेटचे भाग बॅप्टिस्टला वाटून दिले, काही मी गायले, काही टाकूनच दिले. सहा गाणी एका दमात झाली, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. विद्याधर एका पेटीवर ताल धरून बसले होते. शेवटचं गाणं संपल्यावर बॅप्टिस्टने सॅक्सोफोन खाली केला आणि नुसतं डोकं हलवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त व्हिन्सेंटचा चेहरा दिसत होता, ही कॅसेट त्याने ऐकली तर काय होईल म्हणून.

तिथून धावतपळत घर, घरातून चर्च. संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना होती, चौदा थांब्यांची, आणि पेटीवर मी. तिसऱ्या थांब्याला लक्षात आलं की डाव्या हाताने मी दुपारचा ताल धरला आहे. फादरांनी वळून बघितलं. मी हात काढून घेतला.

१४ मार्च

व्हिन्सेंटने कॅसेट ऐकली. मी कपाटात साड्यांखाली ठेवली होती. दुपारी झोपून उठले तर घरात कुणी नाही. वाडीतून माझाच आवाज येतोय. टेपरेकॉर्डर विहिरीच्या कठड्यावर ठेवून दोघं बहीणभाऊ पाट काढत होती.

मी तिथे जाऊन उभी राहिले. सांगितलं की ही नुसती तात्पुरती आहे, आवाज नीट आला नाही, तुझा पूल बसला की पुन्हा भरू.

तो कुदळीवर टेकून उभा राहिला. दात नसल्याने शब्द फुसकन बाहेर येतात. "चांगली झालीये. हीच पाठव." मग म्हणाला, "तू इतक्या वर ग्यायचीस हे मी विसरलो होतो." गायचीस म्हणायचं होतं.

आणि पुन्हा खणू लागला. उर्सुलाबायने कॅसेट उलटवून दुसरी बाजू लावली. उपवासकाळाचं तिला काही आठवलं नाही.

त्याला वाईट वाटलंच असणार. दाखवत नाही.

१७ मार्च

आगाशीच्या बाजारात फोटो. नवे शर्ट शिवले नाहीत, गेल्या वर्षीचेच, निळे. मी आग्रह धरला की व्हिन्सेंटने ट्रंपेट घेऊन मधोमध उभं राहायचं, तोंड मिटून. फोटोत दात कोण बघतो. तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. फोटोग्राफरने दिवे लावले, आम्हाला हलवून हलवून उभं केलं. बटण दाबणार तेवढ्यात व्हिन्सेंट बाजूला झाला. म्हणाला, तिघांचा काढ.

मी म्हटलं, असं काय करतोस.

"हॉटेलात जे येणार नाही ते फोटोत कशाला," तो म्हणाला आणि दिव्यांच्या मागे जाऊन स्टुलावर बसला.

आमच्या मध्ये जागा तशीच राहिली. बॅप्टिस्ट डावीकडे, जॉन उजवीकडे, मी कडेला ऑर्गनपाशी असते तशी. फोटोग्राफर म्हणत होता जवळ या, जवळ या, आणि कुणी हलेना. शेवटी बॅप्टिस्टने माझ्या कोपराला धरून मला मध्ये आणलं. फोटो कसा आला असेल देव जाणे, माझे डोळे मिटले असतील.

कॅसेट आजच पोस्टात टाकली, फोटो धुऊन आला की मागाहून.

२ एप्रिल

तार आली. करार मंजूर, एप्रिलअखेर सुरुवात, वर्षभर. बँडच्या प्रमुखाचं नाव आणि पासपोर्टचा नंबर ताबडतोब कळवा.

ओटीवर बसून तीनदा वाचली. बॅप्टिस्टला सांगायला पोर पाठवलं, जॉनला बसच्या कंडक्टरबरोबर निरोप. व्हिन्सेंटने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा बाप ठेवतो तसा, आणि म्हणाला, बरं झालं.

मी कागदावर व्हिन्सेंटचं नाव लिहिलं. मग विचार केला, पूल बसायला किती दिवस लागतील ते आधी विचारावं. महिनाभरात बसला तर तो मागाहून येऊ शकेल. तोवर मी सांभाळेन कसंतरी. सोमवारी वसईला जाते. त्याला सांगत नाही, उगाच नाही म्हणेल.

५ एप्रिल, सोमवार

डॉक्टर मला बघून गोंधळले. कसला पूल? व्हिन्सेंटने जानेवारीतच त्यांना सांगितलं होतं की खाता येण्यापुरती साधी कवळी द्या, वाजवण्यासाठी नको, वाजवणं मी सोडलं आहे. मी म्हटलं, जानेवारीत? हो म्हणाले, तुम्ही बाहेर बाकावर बसला होता तेव्हा.

परत येताना बस कुठे वळली, कुठे थांबली मला आठवत नाही. घरी आले तेव्हा तो मांडवाखाली सुकेळी पानात बांधत होता. पाय धुतले नाहीत, तशीच समोर जाऊन बसले. विचारलं, डॉक्टरांना तू काय सांगितलंस?

त्याने लपवलं नाही. हो म्हणाला, खरं आहे.

"कधी सोडलंस?"

"हाताने आता. मनाने बैरुतहून निघालो तेव्हाच."

सात वर्षं. मी बोटांवर मोजत होते, आणि तो पानाला केळीच्या सोपाची दोरी बांधत होता. मी म्हटलं, मग बाहरीनला कशाला आलास? तो म्हणाला, "तुला बँड हवा होता. तेव्हा बाईच्या नावावर कोण करार देणार होतं? पुढे कुणीतरी उभं राहायला लागतं. मी उभा राहिलो."

मी त्याला सांगितलं की बाहरीनचा करार मी त्याच्यासाठी शोधला होता. बैरुतमध्ये गोळीबार सुरू झाला, हॉटेल बंद झालं, आम्ही विमानात बसलो आणि तो मुंबईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बँड मोडला तर हा माणूस खचेल. मला तर घरी राहायचं होतं. अगदी तेव्हाच राहायचं होतं.

तो ऐकत राहिला आणि मग हसू लागला, तोंडावर हात धरून, कारण समोर दात नाहीत. मलाही हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. उर्सुलाबाय चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप खाली ठेवले आणि परत गेली.

नंतर मी विचारलं, तारेला उत्तर द्यायचंय, नाव कुणाचं घालू?

"तुझं घाल," तो म्हणाला. "लोकांना आधीच माहीत आहे. जॉनला विचार."

७ एप्रिल

नाव अजून कळवलेलं नाही. आता मला घरी राहायला कुणाची आडकाठी नाही. बँड व्हिन्सेंटसाठी चालवायचा नाही, व्हिन्सेंटला तो नकोच आहे. बॅप्टिस्टला गावच्या बँडमध्ये जागा आहे. जॉन बोलेल चार शब्द, पण होडी आहे त्याची. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, पाठ दुखते, तिकडच्या खोलीला खिडकी नाही. हॉटेलात जेवायचं ते उभ्याने. रमजानमध्ये महिनाभर वाजवणं बंद, खोलीत बसून राहायचं, त्यात आता एकटीने. सगळ्या बाजूने विचार केला तर राहणंच शहाणपणाचं.

दुपारी जेवून सहज जुने कागद काढले. तिघांसाठी काय होऊ शकतं ते बघत होते. संथ गाण्यात जिथे ट्रंपेट होता तिथे ऑर्गन नुसता खाली धरून ठेवला आणि सॅक्सोफोन दोन मात्रा उशिरा आणला तर निराळंच काहीतरी होतं. मग एक जलद गाणं, आमच्या लग्नातल्या चालीवरून उचललेलं, हे बॅप्टिस्टला आवडेल. जॉनला त्यात मोकळं सोडायचं. मान वर केली तर अंधारून आलं होतं, उर्सुलाबायने ठेवलेल्या चहावर साय धरली होती, आणि ओटीभर कागद. चौदा गाणी झाली होती.

काही ठरलेलं नाही. डोकं दुखतंय.

८ एप्रिल

सकाळी उठून आगाशीच्या पोस्टात गेले आणि तार केली. माझं नाव, माझा नंबर. बाबू म्हणाला, अक्षर नीट काढा. पुन्हा काढलं.

२० एप्रिल

मुंबईच्या सहार विमानतळावर बसून लिहिते. विमान उशिरा आहे.

सकाळी आगाशीची टॅक्सी ठरवली होती. ऑर्गन टपावर बसेना म्हणून मागच्या सीटवर उभा घातला, एका बाजूला बॅप्टिस्ट, दुसऱ्या बाजूला जॉन. उर्सुलाबायने मला कुशीत घेतलं. तिने मला असं कधी घेतलं नव्हतं. कानाशी म्हणाली, तिथे वेळेवर जेव. मला वाटलं होतं, भाऊ मिळाला म्हणून ती आज आनंदात असेल, पण तीच जास्त रडली.

व्हिन्सेंट दारापर्यंत आला, टॅक्सीच्या खिडकीशी वाकून उभा राहिला. नवी कवळी त्याला अजून टोचते, बोलताना जिभेने सारखी ढकलतो. मी विचारलं, वर्षाने मी आले नाही तर? पुढचाही करार मिळाला तर?

"मिळाला तर घे," तो म्हणाला. "थकलीस की ये. मी थकलो तेव्हा आलोच ना."

टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली. व्हिन्सेंटने बॅप्टिस्टला हात केला, जॉनला हात केला, आणि गाडी वळेपर्यंत मी मागे बघितलं नाही. वळल्यावर बघितलं तर मध्ये ऑर्गन होता, काही दिसलं नाही.

विरार मागे पडलं. हायवे लागला. मग जॉनने ऑर्गनच्या मागून डोकं काढलं आणि विचारलं, बाय, पैल्या दिवशी पैलं गानं कुठलं घ्यायचं?

मी सांगितलं.